टापूवरील जनपदोद्ध्वंस : नर्मदाकाठच्या वस्त्यांचा अनुभव आणि आपली पूर्वतयारी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासलेला आहे. पांचाल देशातील काम्पिल्य नगरी, गंगेचा तीर, ग्रीष्माचा अखेरचा काळ आणि शिष्यांसह वनात विहार करणारे भगवान पुनर्वसु आत्रेय, असा त्या अध्यायाचा प्रारंभ आहे. माणसांची प्रकृती, आहार, देह, बल, सात्म्य, सत्त्व आणि वय ही सर्व भिन्न असताना एकाच वेळी एकाच व्याधीने संपूर्ण जनपद कसे उद्ध्वस्त होते, हा अग्निवेशाचा प्रश्न. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव सर्वांना समान असतात व त्यांच्या विकृतीमुळे असे घडते, हे आत्रेयांचे उत्तर.

करोनाच्या साथीनंतर या अध्यायाची पुष्कळ उजळणी झाली. तथापि त्यातील दोन गोष्टींकडे पुरेसे लक्ष गेले नाही, असे वाटते. पहिली गोष्ट ही की, वायूपेक्षा जल, जलापेक्षा देश आणि देशापेक्षा काल हा टाळण्यास अधिकाधिक कठीण असल्याचे आचार्यांनी सांगितले आहे. दुसरी गोष्ट याहून व्यावहारिक आहे. अग्निवेशाने प्रश्न विचारण्याच्याही आधी आत्रेय त्याला आज्ञा करतात, की भूमी विरस होण्यापूर्वी आणि वनस्पतींचे रस, वीर्य, विपाक व प्रभाव क्षीण होण्यापूर्वी औषधींचा संग्रह करून ठेवावा. म्हणजेच साथीची चिकित्सा साथ येण्यापूर्वी सुरू होते.

प्रस्तुत लेखात या दोन सूत्रांच्या आधारे एका विशिष्ट देशाचा विचार करावयाचा आहे. तो देश म्हणजे चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली आदिवासी वस्ती. बेटावरील माणसे महामारीला कशी सामोरी जातात, हा विषय आपल्याला दूरचा वाटण्याचे कारण नाही. असे टापू आपल्या खानदेशात आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी आपल्यापैकी अनेकांचे दवाखाने व औषधालये आहेत.

खानदेशातील टापू

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी असे समाज येथे राहतात. अक्राणी आणि अक्कलकुवा हे सातपुड्यातील दोन तालुके उत्तरेस थेट नर्मदेला भिडतात. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याने महाराष्ट्रातील जी ३३ गावे बाधित झाली, ती याच दोन तालुक्यांतील होत. मणिबेली, चिमलखेडी, डनेल, मुखडी ही नावे त्या निमित्ताने देशभर परिचित झाली.

धरणाचे पाणी टप्प्याटप्प्याने चढत गेले. अनेक कुटुंबांचे तळोदा, शहादा परिसरातील वसाहतींत पुनर्वसन झाले. जी कुटुंबे मूळ गावी राहिली, ती डोंगराच्या वरच्या अंगाला सरकली. २०१७ साली धरणाचे दरवाजे बंद झाले आणि १५ सप्टेंबर २०१९ रोजी जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. पूर्वी ज्या नाल्यातून पायी उतरून पलीकडच्या पाड्यावर जाता येत असे, तेथे खोल पाणी आले. काही टेकड्या तिन्ही बाजूंनी, तर काही चारही बाजूंनी वेढल्या गेल्या. पूर्ण भरलेल्या जलाशयाचा हा पहिलाच हिवाळा संपत असताना करोनाची साथ आली, हे ध्यानात ठेवावयास हवे. या लोकांची टापूवरील राहणी पिढ्यान्‌पिढ्यांची नव्हती. डोंगरवाटांवर चालणाऱ्या समाजाला अल्पावधीत होडीवर अवलंबून राहावे लागले होते.

अशा ठिकाणी दवाखान्याचे अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नसतो. रुग्णाला बांबूच्या झोळीत घालून पाण्यापर्यंत आणणे, होडी किंवा बार्ज मिळेपर्यंत थांबणे, काठावर उतरून रुग्णवाहिकेची वाट पाहणे, मग घाटरस्त्याने धडगाव किंवा मोलगीला पोहोचणे आणि तेथून गरज पडल्यास नंदुरबार गाठणे, असा हा प्रवास आहे. वारा सुटला, अंधार पडला किंवा होडीत इंधन नसले, तर तोही थांबतो. ही अडचण ओळखून शासनाने सुमारे दोन दशकांपूर्वीपासून नर्मदेत तरंगते दवाखाने चालविले आहेत. याशिवाय नवसंजीवन योजनेखाली आदिवासी भागात भरारी पथके काम करतात आणि त्यांतील मानसेवी वैद्यकीय अधिकारी बहुतांशी आयुर्वेद पदवीधर आहेत. त्यामुळे टापूवरील आरोग्यसेवेचा प्रश्न हा आपल्या शाखेचाही प्रश्न आहे.

साथीपूर्वी पोहोचलेली टाळेबंदी

९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले करोनाबाधित रुग्ण आढळले. त्याच दिवशी होळी पौर्णिमा होती. सातपुड्यातील आदिवासींचा हा सर्वांत मोठा सण. कामासाठी बाहेर गेलेली माणसे त्यासाठी गावी येतात आणि सण झाला की पुन्हा कामाच्या ठिकाणी जातात. गुजरातमधील ऊसतोड, शेतमजुरी, बांधकाम यांवर या भागातील असंख्य कुटुंबांचे वर्ष निभावते. मुकादमाकडून उचल घेतलेली असल्याने हंगाम अर्धवट सोडून येणे शक्य नसते. होळीनंतर अवघ्या पंधरवड्यात, २५ मार्चपासून, देशभर टाळेबंदी लागू झाली आणि यांतील कितीतरी माणसे जेथे होती तेथेच अडकली. पुढे सुरतेकडून नवापूरमार्गे येणाऱ्या महामार्गाने मजुरांचे तांडे पायी परतताना खानदेशाने पाहिले.

टापूवर मात्र या काळात रोग पोहोचलेला नव्हता. प्रथम पोहोचली ती रोगाची भीती आणि बाजारबंदी. धडगाव, मोलगीचा आठवडे बाजार म्हणजे या वस्त्यांचे मीठ, तेल, कपडा, तापाच्या गोळ्या आणि बातम्या मिळण्याचे ठिकाण. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले वेचली जातात. ती विकून रोख पैसा हाती येण्याचे दिवस आणि बाजार बंद होण्याचे दिवस एकच ठरले. साथीच्या आकडेवारीत ज्यांचे नाव अद्याप आलेले नव्हते, त्यांच्या घरातील आहार आणि उपजीविका मात्र साथीने आधीच पोखरली होती. महामारीचा अनुभव केवळ बाधितांच्या संख्येने मोजता येत नाही, याचे हे उघड उदाहरण आहे.

याच काळातील एक काम देशभर वाखाणले गेले. साथीच्या भीतीने गरोदर स्त्रिया व लहान मुले अंगणवाडीकडे येईनाशी झाली, तेव्हा चिमलखेडी येथील अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी मासेमाऱ्याची होडी मागून घेतली आणि ती स्वतः वल्हवत सुमारे १८ किलोमीटर अंतर कापून अलीगाट व दादर या पाड्यांवर जाण्यास सुरुवात केली. बालकांची वजने घेणे, पोषण आहार पोहोचविणे, गर्भिणींची विचारपूस करणे हे काम त्यांनी खंड न पडू देता चालविले. त्यांच्या होडीत कोणतेही विशेष औषध नव्हते. परंतु पाड्यावरील घराघराची माहिती त्यांना आधीपासून होती आणि घराघरालाही त्या माहीत होत्या.

बेटांचा इतिहास काय सांगतो

टापूवर साथ उशिरा येते, हा केवळ नर्मदाकाठचा अनुभव नाही. जगातील बेटांचा साथरोगविषयक इतिहास पाहिल्यास तेच दिसते. परंतु उशिरा आलेली साथ सौम्य असतेच असे नाही.

१८४६ साली उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर गोवराची साथ आली. पीटर पानुम या तरुण डॅनिश वैद्यकाने तिचे केलेले निरीक्षण आजही साथरोगशास्त्रात आदर्श मानले जाते. बेटांची लोकसंख्या सुमारे ७,८०० होती आणि त्यांतील सुमारे ६,००० लोक काही महिन्यांत आजारी पडले. यापूर्वीची गोवराची साथ १७८१ साली, म्हणजे ६५ वर्षांपूर्वी, येऊन गेली होती. त्या साथीत गोवर झालेले जे वृद्ध हयात होते, त्यांना या वेळी गोवर झाला नाही. ज्यांना तेव्हा झाला नव्हता, ते वृद्ध मात्र मुलांप्रमाणेच आजारी पडले. एकदा झालेल्या गोवराचे संरक्षण जन्मभर टिकते, हे यावरून स्पष्ट झाले. बेटावर लोकसंख्या थोडी असल्यामुळे असा रोग तेथे कायमचा टिकून राहत नाही. तो येतो, सर्वांना गाठतो आणि निघून जातो. नंतर जन्मलेली प्रत्येक पिढी त्या रोगापुरती असुरक्षित वाढते, आणि पुढचे जहाज आले की वय, बल, प्रकृती यांचा भेद न राहता बहुतेक सर्वजण एकदम आजारी पडतात. अग्निवेशाच्या प्रश्नाचे याहून नेमके चित्र सापडणे कठीण आहे.

आपल्या देशातील उदाहरण अंदमानचे आहे. १८५८ साली पोर्ट ब्लेअर येथे कैद्यांची वसाहत स्थापन झाली आणि महाअंदमानी जमातींचा बाहेरच्या माणसांशी नित्य संबंध सुरू झाला. १८७७ साली त्या वसाहतीतून गोवर पसरला व या जमातींचा मोठा भाग त्यात दगावला. इतर संसर्गांनीही हानी केली. हजारोंच्या संख्येतील हा समाज १९०१ च्या जनगणनेत ६२५ आणि १९६१ च्या जनगणनेत अवघ्या १९ माणसांवर आला. पुढे त्यांची संख्या थोडी वाढली. ऑगस्ट २०२० मध्ये, पन्नास-साठ जणांच्या या समाजातील दहा जणांना करोनाची बाधा झाल्याचे आढळले, तेव्हा साऱ्या देशाला चिंता वाटली ती या पूर्वेतिहासामुळे. तपासणी लवकर झाली, उपचार मिळाले आणि ते रुग्ण बरे झाले.

तिसरे उदाहरण प्रशांत महासागरातील सामोआचे. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून आलेले 'तालुने' हे जहाज पश्चिम सामोआतील आपिया बंदरात शिरले. जहाजावर इन्फ्लुएन्झाचे रुग्ण असूनही न्यूझीलंडच्या लष्करी प्रशासनाने ते अडविले नाही. काही आठवड्यांत सुमारे ८,५०० माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या एक पंचमांशाहून अधिक, मृत्युमुखी पडली. तेथून जवळच असलेल्या अमेरिकन सामोआत मात्र गव्हर्नर जॉन पोयर यांनी बंदर कडकपणे बंद ठेवले आणि तेथे या रोगाने एकही मृत्यू झाला नाही. एकाच वंशाचे, एकाच भाषेचे, एकाच हवेत राहणारे लोक. फरक होता तो बंदराचा निर्णय घेणाऱ्यांत. या घटनेबद्दल न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी २००२ साली सामोआची जाहीर क्षमा मागितली.

चतुष्पादातील तिसरा पाद

पश्चिम सामोआत इतके मृत्यू का झाले, याचे उत्तर केवळ विषाणूच्या तीव्रतेत शोधून भागत नाही. घरातील सर्व माणसे एकाच वेळी अंथरुणाला खिळली. पाणी आणणारे, अन्न शिजविणारे, रुग्णाला कुशीवर वळविणारे कोणी उरले नाही. जे रोगातून वाचले असते, त्यांपैकी कित्येक शुश्रूषेअभावी गेले.

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपण नेहमी उच्चारतो. शहरात वावरताना आपले लक्ष पहिल्या दोहोंवर असते. टापूवर साथीचा पहिला आघात होतो तो उपस्थात्यावर. विशेषतः ज्या घरातील कर्ती माणसे मजुरीसाठी बाहेर आहेत आणि मागे म्हातारी माणसे व मुले आहेत, त्या घरात हा पाद आधीच दुबळा असतो. सुश्रुताचार्यांनी गात्रस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एकाच शय्येवर वा आसनावर बसणे-झोपणे, वस्त्र इत्यादींतून संक्रांत होणाऱ्या रोगांचा उल्लेख केला आहे. एका खोलीच्या झोपडीत यांतील प्रत्येक कारण उपस्थित असते. घरातच विलगीकरण करावे, हा सल्ला तेथे शब्दशः अमलात आणता येत नाही.

याला एक अनुकूल बाजूही आहे. सातपुड्यातील भिल्ल व पावरा वस्त्यांत घरे एकमेकांना लागून नसतात. प्रत्येकाचे घर आपापल्या शेतात, टेकडीच्या उतारावर, दूरदूर असते. घरात अंतर राखता येत नसले, तरी दोन घरांत ते आपोआप राहते. म्हणून अशा वस्तीत संपूर्ण घर हाच विलगीकरणाचा घटक धरावा, त्या घराच्या दाराशी पाणी, सरपण व शिधा पोहोचविण्याची जबाबदारी शेजारच्या एका निरोगी कुटुंबावर सोपवावी, हे अधिक व्यवहार्य ठरते. उपस्थात्याची नेमणूक ही येथे औषधयोजनेइतकीच महत्त्वाची चिकित्सा आहे.

दुसरी लाट आणि पूर्वसंग्रह

पहिल्या लाटेत खानदेशाचे सर्वाधिक हाल झाले ते रेल्वे, महामार्ग आणि बाजारपेठा असलेल्या भागात. जळगाव जिल्ह्यातील मृत्यूंचे प्रमाण मे-जून २०२० मध्ये संपूर्ण राज्याच्या चिंतेचा विषय बनले होते. नंदुरबारला त्या मानाने थोडा अवधी मिळाला. या अवधीचा उपयोग कसा झाला, हे पाहण्याजोगे आहे.

तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड हे मूळचे धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या सामोडे गावचे, भिल्ल समाजातील आणि स्वतः वैद्यकीय पदवीधर. सप्टेंबर २०२० मध्ये पहिली लाट ओसरू लागली असताना जिल्ह्यात हवेतून प्राणवायू वेगळा करणारा पहिला प्रकल्प उभारण्यात आला. त्याची क्षमता मिनिटाला ६०० लिटर होती. २०२१ च्या पहिल्या महिन्यांत आणखी प्रकल्पांची भर पडली. एप्रिल २०२१ मध्ये देशभर प्राणवायूच्या टँकरसाठी धावाधाव सुरू झाली, तेव्हा हा दुर्गम समजला जाणारा जिल्हा आपली गरज बऱ्याच अंशी स्वतः भागवू शकत होता. रस वीर्यवान आहे तोवर औषधींचा संग्रह करा, या आत्रेयांच्या आज्ञेचा आधुनिक काळातील अर्थ यापेक्षा वेगळा काय असणार?

मात्र नंदुरबारला प्राणवायू असणे आणि तो टापूवरील रुग्णाला मिळणे, यांत पूर्वी वर्णिलेला सारा प्रवास आहे. करोनात प्रकृती साधारणतः पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान खालावते आणि रक्तातील प्राणवायू घटत असतानाही रुग्णाला धाप जाणवेलच असे नाही. शहरात ९४ हा आकडा खाली गेला की तासाभरात रुग्णालय गाठता येते. टापूवर त्याच आकड्यापर्यंत थांबल्यास उशीर झालेला असतो. म्हणून तेथे निर्णय अलीकडे घ्यावा लागतो. रुग्णाला सहा मिनिटे चालवून पुन्हा मोजणी करावी, चालण्याने आकडा घसरत असल्यास आणि वय, कुपोषण, मधुमेह किंवा सिकलसेल यांपैकी काही असल्यास दिवसाउजेडी काठावर हलवावे, हा नियम हितकर होय. सिकलसेलचा व्याधी या भागातील भिल्ल व पावरा समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. अशा रुग्णाला फुप्फुसाचा कोणताही संसर्ग जिवावर बेतू शकतो, हे आपल्या प्रत्येक वैद्याने लक्षात ठेवले पाहिजे.

विश्वासाचा संग्रह

औषध आणि प्राणवायू आधी साठवता येतो. त्याहून कठीण साठा विश्वासाचा. २०२१ मध्ये लसीकरण सुरू झाले तेव्हा सातपुड्यात अफवा पसरल्या. सुई टोचली की माणूस मरतो, दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, असे बोलले जाऊ लागले. अशा बोलण्याला केवळ अज्ञान म्हणून बाजूस सारणे योग्य नाही. ज्या समाजाकडे शासनाची मोजमापे बहुधा जमीन जाण्याची सूचना घेऊन आली, त्याने नव्या आलेल्या पथकाकडे सावधपणे पाहावे, यात आश्चर्य नाही. येथे उपयोगी पडली ती माणसे स्थानिक होती. पावरी व भिल्ली बोलींतून समजूत घालणारे शिक्षक, आशा व अंगणवाडी सेविका, आधी स्वतः लस घेणारे सरपंच. लस घेऊन वैद्यकीय पथके होडीने नर्मदाकाठच्या गावांत गेली आणि हळूहळू लोक पुढे आले.

विश्वास गमावल्यास काय होते, हे पुन्हा सामोआनेच दाखविले आहे. जुलै २०१८ मध्ये तेथे गोवराच्या लसीत पाण्याऐवजी चुकीने दुसरे औषध मिसळले गेले आणि दोन अर्भके दगावली. चूक लसीची नव्हती, हाताळणीची होती. परंतु लसीकरण काही महिने थांबले, संशय पसरला आणि लसीकरणाचे प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांपर्यंत घसरले. २०१९ च्या अखेरीस गोवर आला. दोन लाख लोकसंख्येच्या त्या देशात ८३ मृत्यू झाले आणि त्यांत बहुतेक लहान मुले होती. डिसेंबर २०१९ मध्ये दोन दिवस सर्व कामकाज बंद ठेवून घरोघरी लसीकरण करण्यात आले. ज्या घरात लस न घेतलेली व्यक्ती असेल, त्या घराबाहेर लाल कापड लावण्यास सांगितले होते. त्यानंतर करोना आला, तेव्हा सामोआने १९१८ ची चूक पुन्हा होऊ दिली नाही. सीमा बंद ठेवल्या, त्या अवधीत लसीकरण केले आणि मार्च २०२२ मध्ये समाजात संसर्ग पसरला तेव्हा लोक तयार होते. पाण्याने मिळवून दिलेला वेळ या वेळी वाया गेला नाही.

आपले कार्य

पुढची साथ कोणती आणि केव्हा येईल, हे सांगता येत नाही. गोवर तर आपल्या उंबऱ्यावरच आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईबरोबरच धुळ्यालगतच्या मालेगावातही त्याचा उद्रेक झाला होता. अशा वेळी जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील वैद्य आणि औषधविक्रेते यांनी साथीपूर्वी काय करावे, याचा थोडक्यात विचार करू.

सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूर, चोपडा, यावल, रावेर, शहादा, तळोदा या गावांत आपले व्यवसायबंधू आहेत. बाजाराच्या दिवशी डोंगरातून उतरणारा रुग्ण प्रथम त्यांच्याकडे येतो. त्या रुग्णाचा पाडा कोणता, तेथे जाण्याचा मार्ग कोणता, तेथील आशा सेविका कोण, घरात गर्भिणी, बालक किंवा सिकलसेलचा रुग्ण आहे काय, याची नोंद केसपेपरवर असावी. एका वर्षात अशा नोंदींतून संपूर्ण परिसराची माहिती उभी राहते आणि साथीच्या वेळी ती कोणत्याही औषधाइतकी उपयोगी पडते. एकाच पाड्यावरून आठवड्यात तीन-चार सारखे ताप आले, की आरोग्यकेंद्राला त्वरित कळविणे हे आपले कर्तव्य आहे.

औषधालयांच्या मालकांनी पावसाळ्यापूर्वी आणि होळीपूर्वी, म्हणजे रस्ते तुटण्यापूर्वी व मजूर गावी परतण्यापूर्वी, जलसंजीवनीची पाकिटे, तापाच्या गोळ्या, मुखपट्ट्या, प्राणवायूमापक व त्याचे सेल यांचा साठा तपासावा. शास्त्रोक्त संग्रहाचा नियम वनौषधींनाही लागू आहे. साथीत गुळवेलीसारख्या द्रव्याची मागणी एकाएकी वाढते, घाईने तोड होते आणि ओळख न पटवता माल घेतला जातो. योग्य ऋतूत, योग्य व्यक्तीकडून, खात्री करून घेतलेले द्रव्यच ठेवावे. गोळा करून आणणाऱ्या आदिवासी बांधवाला त्याचे रास्त मोल द्यावे, कारण त्याच्या घरातील आहार हेच त्याचे साथीपूर्व रसायन आहे.

तिसरी गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे. कोणताही काढा लसीची जागा घेत नाही आणि प्राणवायूचीही घेत नाही. पथ्य, विश्रांती, लाक्षणिक उपचार व बलरक्षण यांत आपल्या शास्त्राचे स्थान मोठे आहे. परंतु टापूवरील रुग्णाला दोन दिवस घरीच औषध घेऊन पाहा, असे सांगणे म्हणजे त्याच्या हातातील मोजका वेळ खर्च करणे होय. त्याचप्रमाणे स्टेरॉइड औषधे सरसकट देण्याचे परिणाम २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या रूपाने आपण पाहिले आहेत. वैद्यावर विश्वास ठेवून डोंगर उतरलेल्या माणसाला योग्य वेळी पुढे पाठविणे, सोबत चिठ्ठी देणे आणि तेथे कोणाला भेटावे हे सांगणे, हीदेखील चिकित्साच आहे.

शेवटी, पाड्यावरील भगत, पुजारा व दाई यांच्याशी संबंध ठेवावेत. आजारी माणसाला सर्वप्रथम तेच पाहतात. कोणत्या लक्षणाला थांबू नये, एवढे जरी त्यांनी मनावर घेतले, तरी कित्येक तास वाचतात. हा संबंध साथ आल्यावर जोडता येत नाही. तो निरोगी दिवसांत, सणावाराला, लग्नकार्यात जाऊन जोडावा लागतो.

पूर्ण भरलेला जलाशय दरवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस या टेकड्यांना पुन्हा वेढतो. त्यापूर्वीचे महिने आपल्या हाती असतात. आपल्या संघटनेच्या तालुका शाखांनी यंदा ज्येष्ठ संपण्यापूर्वी आपापल्या भागातील पाड्यांची, तेथील सेविकांची आणि होडीवाल्यांची एक यादी तयार करून ती प्राथमिक आरोग्यकेंद्राकडे द्यावी, एवढी नम्र सूचना करून हा लेख पूर्ण करतो.